मीच विकलेला हॉल

आता माणसं येतात, मोबाइल तोंडासमोर धरतात आणि विचारतात, "साहेब, तुम्ही एवढे हॉल बांधून दिलेत, गाणाऱ्यांना, नाटकवाल्यांना जागा दिल्यात, तर तुम्हाला कलेची ही ओढ लागली कुठून?" मी खरं ते सांगतो. झाशीतल्या मराठी माणसांचा नाटकाचा एकुलता एक हॉल मी परस्पर विकून टाकला होता, तिथून लागली. ते हसतात, आणि छापताना छापतात की बालपणापासून घरात कलेचं वातावरण होतं. म्हणून म्हटलं, आता आपणच सांगावं. मी बोलतो आणि नात टाइप करते. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत देते. सुरुवातीलाच म्हणाली, "दादाजी, जन्म कब हुआ, स्कूल कौन सा था, वो तो बोलो." म्हटलं, जन्म झाला एवढं नक्की. आणि शाळा तीन होत्या. तिन्हींनी मला बाहेर काढलं, तेव्हा शाळांमध्ये काही खोट नसणार.

आम्ही खंडेराव गेटच्या आत राहायचो. भाड्याच्या दोन खोल्या वर, आणि खाली पिठाची चक्की. सकाळी पट्टा थडथडायला लागला की तो दिवेलागणीपर्यंत थांबायचा नाही. आमच्या फडताळात एक निळ्या काठाची बशी होती, ती दिवसभरात बोटभर पुढे सरकायची, आणि आई संध्याकाळी तिला मागे ढकलायची. पिठाचं तर विचारूच नका. गाद्यांवर पीठ, देवांवर पीठ, अण्णांच्या टोपीवर पीठ. अण्णा म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या ऑफिसात बाबू होते. तिथले लोक त्यांना "आटेवाले बाबूजी" म्हणायचे. आणि चक्कीमुळे आमच्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती. "मीठ वाढ" हेसुद्धा आम्ही लढाईला निघाल्यासारखं बोलायचो. बाहेरच्या माणसाला वाटायचं यांच्यात रोज भांडणं होतात. भांडण झालं की उलट आम्ही गप्प बसायचो, तेव्हा शेजाऱ्यांना कळायचं की आज काहीतरी बिनसलंय.

आई चिंचगुळाची आमटी करायची आणि शेजारणीकडून शिकलेली महेरीही करायची, म्हणजे ताकात रटरट शिजवलेली भरड ज्वारी. एकाच ताटात दोन्ही. बबीन्याच्या छावणीतून फौजी मंडळी यायची, सातारची, कोल्हापूरची, ती ताटाकडे बघून गोंधळायची. आमचं मराठी ऐकूनही गोंधळायची. "तुमचं मराठी कुठलं हो?" असं एका सातारच्या वहिनींनी आईला विचारलं, तर आई म्हणाली, "चक्कीवरचं."

ही फौजी मंडळी यायची ती गणपतीच्या नाटकासाठी. दर वर्षी एक मराठी नाटक व्हायचं, आणि ते अण्णा बसवायचे. ऑफिसात त्यांना कुणी दोन वाक्यं सलग बोलू देत नसेल, पण तालमीत ते राजा होते. आषाढ संपत आला की रोज संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या हॉलमध्ये तालीम. हॉल म्हणजे काय, चौबेजी नावाच्या म्हाताऱ्या मालकाची उंच छताची एक लांबोळकी खोली, एका टोकाला दगडी चौथरा. चौबेजींच्या वडिलांना मराठी एक अक्षर कळत नव्हतं, पण नाटकं बघायला भारी आवडायची, म्हणून त्यांनी जागा वापरायला दिली ती दिलीच. भाडं नाही, कागद नाही. अण्णांनी तिथला चौथरा दर वर्षी स्वतः पाण्यानं धुतला. घरात कधी झाडू हातात धरला नाही त्या माणसानं.

आणि मी प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसून, पुस्तक हातात धरून, नटाची गाडी अडली की हळूच पुढचं वाक्य सुटं करून द्यायचं. मला हे काम चांगलं यायचं. अण्णा लोकांना सांगायचे, "पोरगं शाळेत टिकलं नाही, पण वाचायला पक्कं आहे. एक ओळ चुकत नाही." आता गंमत सांगतो. मला वाचता येत नव्हतं. अक्षरं दिसायची, एकेक करून ओळखू यायची, पण शेजारी शेजारी ठेवली की ती एकमेकांशी बोलायची नाहीत. मी तालमीत सगळं नाटक ऐकून ऐकून पाठ करायचो, अगदी बायकांच्या वाक्यांसकट, आणि पान अंदाजानं उलटायचो. एकदा पुस्तक उलटं धरलं होतं. सातारच्या वहिनींनी बघितलं. "दत्तूभावजी, पुस्तक उलटंय की!" मी म्हटलं, "सरळ कुणीही धरतं." सगळे हसले. अण्णासुद्धा हसले. मी आयुष्यभर असाच सुटत आलोय, आधी दुसऱ्याला हसवायचं आणि मग मागच्या दारानं निघायचं.

नाटकाची आमंत्रणं सायकलवरून घरोघर वाटायचं कामही माझंच. त्यामुळे शहरातल्या गल्ल्या पाठ, कुठल्या घरात भावाभावांचं पटत नाही, कुठलं घर रिकामं पडलंय, सगळं पाठ. हे रामसेवक भैयांनी हेरलं. ते प्लॉट आणि घरांची दलाली करायचे, शेवग्याच्या शेंगेसारखा बारीक माणूस, खिशात कायम भाजलेले चणे. एक दिवस त्यांनी माझी सायकल धरली. "काए दत्तू महाराज, तुमें तो सब गैलें पता हैं. हमाए संगै काए नईं आ जात?" मी गेलो. तेव्हा मी एकोणीस-वीस वर्षांचा असेन. रामसेवक भैयांना पण वाचता फारसं येत नव्हतं. ते जमिनीचे कागद शेळ्या ओळखतात तसे ओळखायचे, तोंडावरून. पण शब्दांचे अर्थ त्यांना सगळे ठाऊक होते, आणि खोटा कागद ते वासावरून सांगायचे. मी हाताशी आलो तर त्यांना वाटलं, मराठी बाबूचा मुलगा आहे, हा वाचेल. मी त्यांचाही गैरसमज दूर केला नाही.

मग त्यांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, खाटेवर पडून उसाचा रस पीत होते. आणि नेमका त्याच आठवड्यात मोठ गावचा एक बियाण्यांचा व्यापारी बडा बाजारात जागा शोधत आला. सेठजी. जाडजूड, पांढरंशुभ्र धोतर, बोलायला सावकाश. मला वाटलं, आपण एकट्यानं सौदा करून दाखवू. चौबेजींचं बाजाराच्या रस्त्यावर गोदाम होतं, लोखंडी शटरवालं. म्हातारपणी मुलांमध्ये वाटणी करायची म्हणून ते विकायचं आहे, हे मी कुठूनतरी ऐकून होतो. मी सेठजींना घेऊन गेलो. शटर वर केलं, आत अंधार, जुन्या पोत्यांचा वास, मागे एक विटांनी बुजवलेला दरवाजा. सेठजींनी विचारलं, "पीछे कहाँ तक है, भैया?"

आता इथे थांबून आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. जागेच्या कागदावर जागेचं नाव नसतं. हॉल, गोदाम, दुकान असं काही लिहिलेलं नसतं. चौहद्दी असते, म्हणजे चार दिशांना काय काय आहे ते. पूर्वेला अमक्याचं घर, पश्चिमेला रस्ता. मधलं जे उरलं ते तुम्ही विकत घेताय. तेव्हा कागद वाचल्याशिवाय जागा कळत नाही, कितीही शटर वर करा. चौबेजींनी कागद माझ्या हातात दिला. मी तो उजेडात धरला, डोळे बारीक केले, मान डोलावली, एक बोट ओळीवरून फिरवलं, अगदी विंगेत बसल्यासारखं. आणि कागदावर थाप मारून म्हणालो, "सब लिखा है, सेठजी. जितना है, पूरा आपका."

चौबेजी म्हणाले, "हाँ, पूरा. पंडितजी का लड़का पढ़ रहा है, अब क्या पूछना." पंडितजी म्हणजे अण्णा.

सेठजींनी बयाना दिला, म्हणजे इसार. चौबेजींनी पेढे मागवले. दसऱ्याच्या आत रजिस्ट्री करायची ठरली. मी चार पेढे खाल्ले. वर सेठजींच्या वाट्याचाही एक खाल्ला.

तुम्ही म्हणाल, गल्ली न गल्ली पाठ असलेल्या माणसाला हे कसं कळलं नाही? तेच तर. बाजारातल्या रस्त्यावरून मागच्या गल्लीत यायचं तर देवळाला वळसा घालून, दोनदा उजवीकडे वळून यावं लागायचं. माझ्या डोक्यात त्या दोन वेगळ्या वस्त्या होत्या. एकीकडे धंदा, एकीकडे नाटक. दोघांच्या मध्ये एकच भिंत आहे आणि दोन्हींचा कागद एकच आहे, हे मला जन्मभर कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी भिंतीला पाठ लावून पाच वर्षं स्टुलावर बसत होतो.

चार दिवसांनी संध्याकाळी तालीम चालली होती. बरुआसागरचं आलं ठेचून घातलेला चहा फिरत होता. दुसरा अंक, अण्णा चौथऱ्यासमोर हात वर करून उभे, मी स्टुलावर पुस्तक धरून. तेवढ्यात दारातून फीता घेऊन दोन माणसं आत आली आणि भिंत मोजायला लागली. अण्णांनी विचारलं, "काय पाहिजे?" आणि त्यांच्या मागून सेठजी. त्यांनी छताकडे बघितलं, चौथऱ्याकडे बघितलं, मग मी दिसलो आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे भैया! ये पीछे वाला तो तुमने दिखाया ही नहीं था! ये तो बड़ा बढ़िया निकला. ये चबूतरा तोड़ देंगे तो पूरा माल इधर आ जाएगा."

  अण्णांनी सेठजींना अदबीनं बसायला सांगितलं, सगळं विचारून घेतलं, आणि मग चौबेजींना बोलावलं. चौबेजी काठी टेकत आले, गोंधळून गेले बिचारे. "पंडितजी, आप ही का लड़का तो ग्राहक लाया. हमने सोचा आप सबकी राय होगी. कागज तो उसी ने पढ़ा."

अण्णा माझ्याकडे वळले. "दत्तू, कागद तू वाचलास?"

माझ्याकडे दोन रस्ते होते. वाचला म्हटलं, तर मी स्वतःच्या बापाचा चौथरा जाणूनबुजून विकला. नाही म्हटलं, तर पाच वर्षं पुस्तक धरून बसलो होतो तो कोण? मी तोंड उघडलं ते काहीतरी विनोद करायलाच. अजून आठवतं, विनोद आलासुद्धा होता जिभेवर. पण अण्णांच्या टोपीवरचं पीठ दिसलं आणि तो गिळला.

"अण्णा, मला वाचता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे येतच नाही. कधीच आलं नाही. सगळं पाठ होतं."

अण्णांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, आमच्या घरात तर तो आवाज रोजचाच होता. ते हळू आवाजात म्हणाले, "मी लोकांना सांगत फिरलो." एवढंच. मग सगळ्यांना म्हणाले, "उद्या सहाला. या वर्षीचं नाटक होईल." पुढच्या वर्षाचं नाव कुणी काढलं नाही.

त्यानंतर अण्णा माझ्याशी बोलायचे बंद झाले. नाटक झालं, छान झालं म्हणे. मी गल्लीत उभा राहून ऐकलं. प्रॉम्प्टिंगला सातारच्या वहिनींचा नवरा बसला होता, हवालदार. तो प्रॉम्प्टिंग असं करायचा जसा परेडला हुकूम देतोय. बाहेर गल्लीत मला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू आलं, एकदा त्याचं, एकदा नटाचं.

पण त्याआधीच, हॉल विकला गेल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी मोठच्या बसमध्ये बसलो होतो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. एवढंच ठरवलं होतं की हॉल सोडवल्याशिवाय विंगेत बसायचं नाही. सेठजी मंडीत पोत्यांच्या ढिगात गादीवर बसले होते. मी म्हटलं, "सेठजी, मुझे पढ़ना नहीं आता. मैंने बिना पढ़े आपको जगह दिखाई. पीछे हमारा नाटक होता है. वो छोड़ दीजिए."

ते म्हणाले, "सौदा हो गया, मुँह मीठा हो गया. चार पेड़े तो तूने ही खाए."

"पाँच," मी म्हटलं. "एक आपका था."

ते हसले नाहीत. समोरची बियाण्याची थैली उचलून मला दाखवली. "इस पर क्या लिखा है?" मी नुसतं थैलीवरून बोट फिरवलं. "किसान भी नहीं पढ़ पाता. वो मेरा मुँह देखता है और ले जाता है. मैं गलत बीज दूँ तो उसका साल गया. और तू मेरे कागज पर मुंडी हिला रहा था."

मी म्हटलं, "आपको ट्रक किधर लगाना है?" का विचारलं माहीत नाही. कदाचित तोंड बंद ठेवता येत नाही म्हणून. "बाजारात दिवसा ट्रक येऊ देत नाहीत," मी हिंदीत सांगत सुटलो, "आणि मागच्या गल्लीत तर बैलगाडी पण वळत नाही. तुम्ही चौथरा तोडून माल मागे ठेवाल, पण तो आणाल कसा?" ही गोष्ट खरं तर मी सौद्याच्या आधी सांगायला हवी होती. दलाल ती सांगत नाही. मी पुढे म्हटलं, "पुढचं दुकान तुम्ही घ्या. गोदामासाठी कानपूर रोडवर मी जागा देतो, ट्रक सरळ आत जाईल अशी. मागचं सोडा."

सेठजींनी थैली परत ढिगावर ठेवली. मग म्हणाले, "दसऱ्याच्या आत आण. दोन्ही रजिस्ट्री एकाच दिवशी. आणि दोन्ही कागद तू वाचायचे, माझ्यासमोर, मोठ्यानं, पहिल्या अक्षरापासून. मुंडी हलाई तो पूरा मेरा." मी सांगतोय मराठीत, ते बोलले हिंदीत, पण शेवटचं वाक्य मला अजून त्यांच्याच आवाजात ऐकू येतं.

मग सुरू झाली माझी शाळा, चौथी. दुपारी आई मला ट्रंकेसमोर बसवायची. ट्रंकेवर चक्कीचं पीठ साचलेलं असायचं, त्यात ती बोटानं अक्षर काढायची, मी वाचायचो, मग खालून पट्टा थडथडायचा आणि अक्षर हळूहळू पसरून जायचं. "लवकर वाच, गेलं!" असं ती ओरडायची. मी म्हणतो, या भीतीनंच मला वाचायला आलं. अक्षर पळून जायच्या आत धरायचं. आईनं चौबेजींच्या कागदाची नक्कल मागून आणली होती. ती फाडफाड वाचायची, पण शब्द तिला कळायचे नाहीत. "रकबा म्हणजे काय रे? आणि हे मिनजुमला?" ते विचारायला मी सायकल मारत रामसेवक भैयांच्या खाटेशी. त्यांना वाचता यायचं नाही, पण अर्थ यायचा. "रकबा माने कितनी जमीन है. मिनजुमला माने पूरे में से एक टुकड़ा. जा लिखो होय तो टुकड़ा बिकत, नईं लिखो तो सब गओ. समझे?" समजलो. असा मी एका घरून अक्षर आणि दुसऱ्या घरून अर्थ आणून मध्ये सायकलवर शिकलो. आज माझ्याकडे तीन वकील आहेत, मोठमोठ्या पदव्यांचे. मी अजून त्यांना चौहद्दी मोठ्यानं वाचायला लावतो. त्यांना वाटतं म्हाताऱ्याला सवय आहे. सवय नाही, भीती आहे.

उरलेला वेळ कानपूर रोडवर. उन्हात सायकल, मागे फडक्यात बांधलेल्या गकरिया, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या जाड रोट्या, आणि वांग्याचं भरीत, रामसेवक भैयांच्या घरून. अकरा जागा बघितल्या. एकीवर पाणी साठायचं, एकीला चार भाऊ मालक आणि कागदावर नावं तीनच. हे मी स्वतः वाचून ओळखलं, आणि इतका खूश झालो की मालकासमोर उडी मारली. तो घाबरून घरात गेला. शेवटी बंद पडलेला एक वीटभट्टा सापडला. ट्रकचा रस्ता आधीच होता, जमीन सपाट, मालक एकच. सेठजींनी येऊन पायानं माती दाबून बघितली आणि म्हणाले, "हाँ."

राहिला मागचा हॉल. पुढचं दुकान सेठजींना गेल्यावर चौबेजींना मागचा भाग ठेवून करायचं काय? ते म्हणाले, "उसे कौन लेगा? उसमें तो गाड़ी का रास्ता ही नहीं." तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की तो भाग बिनकामाचा मीच केलाय. पुढचा तुकडा कापून घेतला, म्हणून मागच्याला गिऱ्हाईक उरलं नाही. मी म्हटलं, "मी घेतो. माझी दोन्ही सौद्यांची दलाली तुम्ही घ्या." आयुष्यातला माझा पहिला खरा सौदा हा. पुढे कितीतरी जागा घेतल्या, लोकांनी टाकलेल्या, आडबाजूच्या, ट्रक न जाणाऱ्या, आणि प्रत्येक वेळी लोक हसले. रामसेवक भैयांना सांगायला गेलो तर ते उसाचा रस पीत म्हणाले, "हमाओ आधो हिस्सा सोई डार दो. पीलिया में कौन खरच हो रओ." म्हणजे त्यांच्या वाट्याची दलालीही त्यांनी हॉलमध्येच घातली.

रजिस्ट्रीच्या दिवशी दोन साक्षीदार लागतात. एक रामसेवक भैया, पिवळेच्या पिवळे, रिक्षातून आले. दुसरे कोण? मी कुणाला सांगितलं नव्हतं. अकरा वाजता बघतो तर अण्णा, ऑफिसातून सुट्टी घेऊन, कोट घालून, बाकावर बसलेले. आईचं काम. माझ्याशी बोलले नाहीत. "किधर साइन करना है?" असं त्यांनी रामसेवक भैयांना विचारलं.

बाहेर झाडाखाली कातिबानं, म्हणजे कागद लिहिणाऱ्यानं, खरेदीचे तिन्ही बैनामे लिहून तयार ठेवले होते. दुकानाचा, भट्ट्याचा आणि हॉलचा. सेठजींनी पहिला माझ्याकडे सरकवला. "पढ़ो."

मी वाचायला लागलो. हे काही सिनेमातल्यासारखं नव्हतं. मी एकेक अक्षर धरत होतो, घाम पुसत होतो, दोन ओळींना एवढा वेळ लागला की शेजारच्या झाडाखालचा माणूस आपलं घर विकून चहा पिऊन निघून गेला. कातिब म्हणाला, "भैया, ऐसे तो दिवाली आ जाएगी." सेठजी म्हणाले, "आने दो." पूर्व, रस्ता. उत्तर, अमक्याचं दुकान. दक्षिण, अमक्याचं घर. पश्चिम... मी थांबलो. परत वाचलं. गल्ली. पश्चिम गल्ली.

"ये गलत है," मी म्हटलं.

"क्या गलत है?"

"पश्चिमेला गल्ली नाही. भिंत आहे. भिंतीच्या पलीकडे हॉल. गल्ली हॉलच्या पलीकडे." कातिबानं जुन्या कागदावरची चौहद्दी जशीच्या तशी उतरवली होती. मिनजुमला कुठेच नव्हतं. सही झाली असती तर पुढच्या दुकानाबरोबर हॉलही पुन्हा सेठजींचा झाला असता, आणि या वेळी वाचून.

कातिब चिडला. "अरे समझ लेंगे सब. स्टांप खराब हो जाएगा. साइन करो, एक बज रहा है."

मी म्हटलं, "नहीं. मिनजुमला लिखो. पश्चिम में, दीवार व शेष भाग."  खोटं कशाला बोलू, मला अजूनही वाटत होतं की मीच चुकीचं वाचलंय. तरी मी कागदावरचा हात काढला नाही. सेठजींनी कागद स्वतःकडे घेतला, वाचला, माझ्याकडे बघितलं. हॉल फुकटात मिळत होता त्यांना, नुसतं गप्प बसून. कातिबासमोर कागद आपटून ते म्हणाले, "लड़का ठीक कह रहा है. फिर से लिखो."

नवा स्टांप आणला, परत लिहिलं, परत मी पहिल्यापासून वाचलं, मग दुसरा, मग तिसरा. साडेतीन वाजले. शेवटी आम्ही रजिस्ट्रार साहेबांच्या टेबलासमोर उभे राहिलो. ते दमलेले, चष्मा कपाळावर. हॉलचा कागद समोर घेऊन त्यांनी नेहमीचं विचारलं, साक्षीदाराला विचारतात तसं, "खरीदार को पहचानते हो?"

अण्णा पुढे झाले. चक्कीवरच्या आवाजात, सगळं ऑफिस वळून बघेल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "जी साहब, पहचानता हूँ. मेरा लड़का है. पढ़ लेता है."

साहेबांनी चष्मा खाली घेतला. "पढ़ लेता है तो सुबह से इतनी देर क्यों लगी?"

"अभी नया-नया है, साहब," अण्णा म्हणाले, आणि सही करायला त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं.